गरम झाल्यावर बंद पडते

१

गाडी गरम झाल्यावर बंद पडते असं सांगत जो माणूस येतो, त्याला मी आधी बसवतो आणि पाणी देतो. कारण तो घाबरलेला असतो, आणि घाबरलेला माणूस निम्मं खोटं सांगतो. मुद्दाम नव्हे. त्याला जे वाटतं ते तो सांगतो, जे घडलं ते राहूनच जातं. मुंबईच्या एका बसडेपोत बारा वर्षं हात काळे करून मी नालासोपाऱ्यात स्वतःचं गॅरेज टाकलं, तेव्हापासून माझा हा नियम आहे.

गरम झाल्यावर बंद पडण्याची कारणं मोजून चार. पेट्रोलची नळी तापते आणि आत वाफ धरते. ठिणगी देणारी कॉइल तापली की दम सोडते. कंडेन्सर नावाचं बोटभर डबडं गरम झालं की रुसतं. नाहीतर टाकीच्या झाकणाचं भोक बुजतं आणि पेट्रोल यायचंच थांबतं. चारातलं एक धरायचं, उरलेली तीन सोडायची, काम झालं. पाचवं कारण मी तोवर पाहिलं नव्हतं.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात वटारचा पास्कल मास्तर आला. त्याच्याबरोबर त्याच्या सासऱ्याची, बर्नार्डकाकांची, जुनी विलायती गाडी. गोल नाकामुळे सारा गाव तिला डुक्कर म्हणायचा. बर्नार्डकाका दीड वर्षापूर्वी वारले, आणि गाडी त्यांच्या केळीच्या वाडीत ताडपत्रीखाली पडून होती. शाळेला सुट्टी लागल्यावर मास्तरने ती बाहेर काढली.

"सकाळी झकास चालते," तो म्हणाला. "दर शुक्रवारी साडेअकराला आम्ही निघतो, कार्मिनला वसईच्या इस्पितळात दाखवायला. अर्धा तास झाला, इंजिन तापलं, की बंद. संध्याकाळी साडेसहाला जरा वाऱ्यावर नेतो तिला, तेव्हाही तेच. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू."

"मग पाच मिनिटं थांबायचं. बायको मास्तरांची आहे, तिला थांबायची सवय असेल," मी म्हणालो.

तो हसला नाही. कार्मिनला आठवा लागला होता. याआधीची दोन्ही पोरं हाती लागली नव्हती. डॉक्टरसिस्टरने बजावलं होतं, की यावेळी जरा जरी दुखायला लागलं तरी तासाभरात आणा, नाहीतर मी कशाची हमी देणार नाही. वटारहून वसईला जायला दुसरं होतं काय? टांगा. आणि मिळाली तर एसटी.

"प्लासिड, ही गाडी मला रस्त्यात थांबलेली परवडणार नाही," मास्तर म्हणाला. पाण्याचा पेला त्याने हातात तसाच धरला होता.

मी म्हणालो, चार दिवस दे.

२

पहिल्या दिवशी मी कंडेन्सर बदलला, नळीवर आणि पंपावर ओला फडका गुंडाळला, टाकीचं झाकण सैल ठेवलं. एका फेरीत तीन संशयित बाद व्हावेत असा बेत. हे सगळं करता करता साडेअकरा वाजून गेले. मग गाडी काढली आणि गासच्या रस्त्याला लागलो.

डुक्कर छान पळत होती. दोन्ही बाजूंना केळी, विहिरीवरच्या पंपांचा आवाज, वर ऊन मी म्हणत होतं. गासच्या अलीकडे इंजिन एकदम गप्प झालं. गचके नाहीत, खोकला नाही, फटफट नाही. बोलता बोलता कोणी तोंड मिटावं तसं. गाडी आपसूक डाव्या कडेला लागली. तेवढ्यात देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, दुपारची घंटाही झाली, म्हणून मी टोपी काढली, मान खाली घातली, तीन नमो मारिया म्हटले, क्रूस केला, आणि मगच बॉनेट उघडलं.

फडका ओलाच होता. कॉइलला हात लावला तर कोमट. पेट्रोल होतं, ठिणगी द्यायला सगळं जागेवर होतं. वाफेने मरणारं इंजिन आधी गुदमरतं आणि मग मरतं. हे गुदमरलंच नव्हतं.

चालू करायला बसलो तेव्हा दिसलं. किल्ली बंदवर होती. हँडब्रेक वर ओढलेला होता.

मीच केलं असणार, मी स्वतःला म्हणालो. वीस वर्षांची सवय. गाडी थांबली की हात आपोआप ब्रेककडे जातो, किल्लीकडे जातो. डोक्याला कळवतो कुठे तो. पण परत येताना मी पुन्हा पुन्हा उजव्या हाताकडे बघत होतो आणि त्याने ते केल्याचं काही केल्या आठवेना.

३

दुसऱ्या दिवशी मी किल्लीचं कुलूपच बदललं. जुनं झिजलेलं असतं, धक्क्याने किल्ली सरकते, यात नवल नाही. वर, नव्या किल्लीला तांब्याची तार पाच वेढे देऊन डॅशबोर्डाला बांधून टाकली. आता सरक म्हणावं.

मग तिला गॅरेजमध्येच उभी करून नऊला चालू केली. तापायचं तर ताप. दहा वाजले, अकरा वाजले. रेडिएटर उकळायला लागला, मी पाणी ओतलं. बॉनेटवर हात ठेववेना. पत्र्याखाली मी घामाने निथळत होतो आणि इंजिन मात्र गात होतं. साडेअकरा. पावणेबारा. मास्तरचं अर्ध्या तासाचं गणित तिथेच वारलं. ही गाडी गरम झाल्यावर बंद पडत नव्हती. मी कंडेन्सर काढून फेकला होता तो चांगला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी.

मी पाठ फिरवून हात पुसत होतो. दुरून घंटेचा आवाज आला. मी फडका खाली ठेवला, डोळे मिटले आणि दूताची प्रार्थना सुरू केली. 'प्रभूच्या दूताने मरियेला निरोप दिला,' एवढं म्हणेपर्यंत मागे इंजिन बंद झालं होतं.

त्या शांततेत तापलेल्या लोखंडाची टकटक ऐकू येत होती. आणि दुसरं एक काहीतरी. सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. माणूस उतरताना कुरकुरतात तशा.

मी प्रार्थना पुरी केली. खरं सांगतो, भक्तीने नव्हे. वळायची हिंमत होत नव्हती म्हणून.

किल्ली बंदवर होती. तार तुटली नव्हती. पाचही वेढे उलगडून, तिची नीट गुंडाळी करून डॅशबोर्डावर ठेवली होती.

तेव्हा उजेड पडला. घंटा झाली की आम्ही सगळे काय करतो? मान खाली, डोळे मिटलेले. लहानपणापासून. मास्तर स्टिअरिंगवर क्रूस करतो, कार्मिन मागे पदर डोक्यावर घेते. त्याच क्षणी गाडी थांबते आणि किल्लीकडे बघायला कोणाचे डोळे उघडेच नसतात. आणि घंटा झाली हे कोणी सांगतही नाही, कारण ते काय सांगायचं? श्वास घेतला हे कोणी सांगतं का? काखेत कळसा आणि गावाला वळसा.

४

पण मी मिस्त्री माणूस. उजेड पडला म्हणून विश्वास ठेवायचा, तर मग कॉइल आणि कंडेन्सर कशाला शिकलो? घंटेने भिंती हादरतात, भिंतींनी पत्रा, पत्र्याने किल्ली. असेल. तार कशी उलगडली ते मी बाजूला ठेवलं.

तिसऱ्या दिवशी गाडी रेल्वेचं फाटक ओलांडून विरारच्या पूर्वेला, चंदनसारला नेली. तिथे तेव्हा शेतं आणि डोंगर. देवळाची घंटा कानावर पडायची शक्यताच नाही. एका आंब्याखाली गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं, आणि शेजारच्या सीटवर बसलो. मनगटावर बापाचं घड्याळ, ते विरार स्टेशनच्या घड्याळाशी मिळवून घेतलं होतं. डोळे किल्लीवर.

बारा वाजले. काही नाही. बारा वाजून एक मिनिट, दोन, तीन. घंटेचाच हादरा होता तर. मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने हसलो. कुलपाखाली रबर बसवलं की काम झालं. मास्तरच्या पोराच्या बारशाला मी वरच्या पंगतीला.

बारा वाजून सहा मिनिटांनी किल्ली फिरली.

सावकाश फिरली. अवजड बोटांनी, रोजचं काम करावं तशी. मग हँडब्रेक दात मोजत वर आला. ड्रायव्हरच्या बाजूची सीट, जी आतापर्यंत खाली दबलेली होती हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, ती वर उचलली गेली.

मी दार उघडून बाहेर पडलो आणि आंब्याच्या खोडाला पाठ लावून उभा राहिलो. तीन मिनिटांनी सीट पुन्हा दबली.

त्या गाडीत बसून मी परत आलो. कसा आलो ते विचारू नका. दुसरी गाडी नव्हती आणि चालत सहा मैल पडले असते.

५

चौथ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास वटारला गेलो. मास्तर घरी नव्हता. दुसऱ्या गाडीची सोय होते का बघायला तो आगाशीला गेला होता. ओट्यावर बर्नार्डकाकांची बायको, रोझलीनमावशी, वालाच्या शेंगा सोलत होती. आत खाटेवर कार्मिन पडून होती, दार उघडं होतं.

"मावशी, काल दुपारची घंटा किती वाजता झाली?" मी विचारलं.

"उशिराच झाली. घंटा मारनाऱ्या सॅन्टनच्या पायात काटा मोडला, लंगडत चडला वर. पाच-सा मिनटं गेली असतील. का रे?"

माझी सहा मिनिटं तीच. आणि चंदनसार वटारपासून किती लांब. मी पाटावर बसलो. मग जे घडलं ते तिला सगळं सांगितलं, किल्लीपासून सीटपर्यंत. मला वाटलं ती मला वेड्यात काढेल. तिने शेंगांची परडी खाली ठेवली.

"कार्मिनचा पपा घंटेला कदी गाडी हाकत नव्हता," ती म्हणाली. "कुनाचं लगीन असो, मयत असो. घंटा झाली का किल्ली बंद, ब्रेक वर, खाली उतरायचा, टोपी काडायचा. पयल्या दिसापासून."

"मग?"

"मग काय. तीन वर्सांमागं कार्मिनला कळा आल्या. दुसऱ्या खेपेला. तोच घेऊन चालला व्हता. निर्मळच्या पुढं बाराची घंटा झाली. नि त्याचा हात गेला किल्लीवर." तिने पदराला हात पुसले. "मागं पोरगी कन्हत व्हती आनी तो टोपी काडून रस्त्यात उबा. तीन मिनटं. सवय रे. मान वर केली तवा त्याला कळलं आपन काय केलं ते. पोर मेलेलं निगालं. त्यानंतर त्यानं गाडीला हात लावला नाय. मरस्तोवर एकच. रोझलीन, तीन मिनटं."

आत खाट वाजली. कार्मिनने भिंतीकडे तोंड केलं असावं.

"तो निरोप घेतल्याबिगर गेला," मावशी हळू आवाजात म्हणाली. "वाडीत केळी कापता कापता. आता निरोप घ्यायला आलाय. मला भ्याव वाटतं, प्लासिड. एकटा जायचा नाय तो."

मला तिचं बोलणं आवडलं नाही, कारण ते मलाही वाटलं होतं. मी हिशोबी बोलायला लागलो. "मावशी, दिवसात तीन घंटा, तीन-तीन मिनिटं. चोवीस तासांत नऊ मिनिटं. तेवढी टाळायची. आणि किल्ली काढून वायरी थेट जोडतो, म्हणजे बंद करायला काही राहणारच नाही."

"किल्ली काडशील," ती म्हणाली. "त्याचा हात कसा काडशील?"

मी पक्कड आणायला उठलो, आणि आतून कार्मिनची हाक आली. "आय." एवढंच. मावशी आत गेली आणि लगेच बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

६

मावशीने कार्मिनला उठवलं, बांधाबांध केली, आणि आम्ही निघालो तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. मास्तरची वाट बघण्यात अर्थ नव्हता. शेजारच्या क्लेमेंटला मी आगाशीला पिटाळलं, मास्तरला इस्पितळात पाठव म्हणून. वायरी जोडायला वेळ मिळालाच नाही.

रस्ता खड्ड्यांचा, जोरात न्यावी तर कार्मिनला सोसेना, हळू न्यावी तर घड्याळ सोसेना. निर्मळ मागे पडलं. भुईगाव, माझं गाव, मागे पडलं. आकाश अजून उजळ होतं, केळीत मात्र अंधार साचायला लागला होता. सातला पाच कमी. चार. वसईपर्यंत अजून पंधरा मिनिटं तरी होती. सीट माझ्याखाली होती, त्यामुळे ती दबली आहे की नाही हे बघायची सोय नव्हती. पण खांद्याला खांदा लागावा इतकी गाडी अरुंद वाटायला लागली होती. केळीच्या चिकाचा तुरट वास आला. तो बाहेरून येत असेल. दोन्ही बाजूंना केळीच होती.

मी एका हाताने किल्ली घट्ट धरून ठेवली.

मागच्या बाजूला पहिली घंटा झाली, लांब, वटारच्या दिशेला. मग भुईगावची, मग पुढे गिरीजची. प्रत्येक देवळाचं घड्याळ वेगळं, एकीचा नाद संपेतो दुसरी.

माझ्या बोटांवर बोटं आली. थंड नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. खरबरीत होती, कामाची होती. त्यांनी ओढाताण केली नाही. फक्त किल्ली फिरवायला लागली, आणि मी गाड्यांचे नट हाताने सोडवणारा माणूस, मला ती थोपवता येईना. इंजिनाने एक ठोका चुकवला.

"काका, नका," मी म्हणालो. मी भुतांवर विश्वास न ठेवणारा, रस्त्यात डोळे उघडे ठेवून काका म्हणालो.

मागून कार्मिन बोलली. तिला धड श्वास घेता येत नव्हता.

"पपा, आयक. मी तुला सांगितलं नाय. ते पोर आदल्या राती गेलं होतं."

किल्ली थांबली. पुरती बंदही नाही आणि पुरती चालूही नाही.

"राती मी हात ठेवून बघितला, ते हलत नव्हतं. मी कोनाला बोलली नाय, भ्याली. सिस्टरनं मला नंतर सांगितलं, सकाळी कळा यायच्या आधीच ते गेलेलं. तुझ्या तीन मिनटांनी काय झालं नाय. मला म्हायत होतं आनी मी गप राहिली. तू रोज विचारायचा, मी गप राहायची." तिला कळ आली, ती थांबली, आणि पुन्हा तिने नेटाने सुरुवात केली. "मला कोनावर तरी राग काडायचा होता, पपा. तू समोर होता. माझं चुकलं. हाच निरोप होता, तो मी तुला दिला नाय."

आरशात मला मावशीचा हात दिसला, लेकीच्या डोक्यावर ठेवलेला.

"आता हे हलतंय," कार्मिन म्हणाली. "आज थांबू नको. प्रार्थना मी म्हनते, तू गाडी चालू दे." आणि ती खरोखरच म्हणायला लागली, 'प्रभूच्या दूताने मरियेला निरोप दिला', अर्धा शब्द श्वासात, अर्धा कळेत, आणि मावशी तिच्याबरोबर.

मी एकदाच खाली बघितलं. डॅशबोर्डाच्या उजेडात माझ्या हातावर एक म्हातारा हात होता. नखांच्या कडांना केळीच्या चिकाचे काळे डाग, जे मरेपर्यंत धुतले जात नाहीत. त्याने किल्ली उलटी फिरवली, चालूवर. मग माझ्या बोटांवर दोनदा थोपटलं आणि तो तिथे नव्हता. खांद्याशेजारची जागा मोकळी झाली.

गाडी गिरीजच्या देवळासमोरून घंटेच्या आवाजात पळत गेली. देवळाच्या दारात उभी असलेली दोन-चार माणसं मान वर करून आमच्याकडे बघत राहिली. घंटेला कायम थांबणारी ती गाडी त्यांनी ओळखली असणार.

७

मुलगी झाली. पावणेआठला, पाच पौंडांची, आणि आवाज असा की खाली आवारात मला ऐकू आला. मास्तर धापा टाकत आला तेव्हा त्याला वर पाठवून मी गाडीत नुसता बसून राहिलो. मिस्त्री म्हणून माझी अब्रू गेली होती आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

आठवड्याने मी त्यांना घरी न्यायला गेलो. मास्तर माझ्याशेजारी बसला, मागे मावशी आणि कार्मिन, कार्मिनच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं ते लाल तोंडाचं पार्सल. मास्तरने विचारलं, "शेवटी बिघाड काय निघाला?"

"पाचवं कारण," मी म्हणालो. "तुला बायको सांगेल."

"सांगितलं मी यांना, पन तुझ्या तोंडून आयकायचंय," कार्मिन मागून म्हणाली.

भुईगावच्या अलीकडे होतो तेव्हा दुपारची घंटा झाली. मास्तरने क्रूस केला. मी डोळे मिटले नाहीत. किल्ली जागेवर होती, सीट सीटसारखी होती, इंजिन एका लयीत चाललं होतं. पहिला ठोका गेला, दुसरा गेला. गाडी बंद पडली नाही. ती आता कधीच बंद पडणार नाही हे मला कळलं, आणि दुरुस्त गाडी चालवताना मला आयुष्यात पहिल्यांदा गलबलून आलं.

आरशात कार्मिन माझ्याच हाताकडे बघत होती.

"प्लासिडदादा," ती म्हणाली, "थांबव जरा. आता घाई नाय."

मी गाडी डाव्या कडेला घेतली, किल्ली बंद केली, ब्रेक ओढला, आणि टोपी काढून खाली उतरलो.